कोरं रक्त

प्रिय ठकू,

तू आत्ता जीपच्या मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसली असशील. उजवीकडची काच वर चढत नाही, म्हणून तुला डावीकडेच बसवायचं असं ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं. फाटकातून निघून पहिलं वळण घेतल्याशिवाय हा लखोटा तुझ्या हातात द्यायचा नाही, हेही दोनदा बजावलं होतं. त्याने ऐकलं असेल तर तुमचं घर आता मागे दिसत नाहीये. तेव्हा आधी हे वाच: मला काहीही झालेलं नाही. छाती नाही, चक्कर नाही, काही नाही. सकाळीच इस्त्रीची घडी तिरकी पडली म्हणून तुझ्या वहिनीशी वाद घातला, इतका मी ठणठणीत आहे. 'दादा हॉस्पिटलमध्ये आहेत, तुम्हाला आणि भिंगरीला बघायचं म्हणतायत' हे वाक्य ड्रायव्हरला मी शिकवलं आणि तीन वेळा म्हणवून घेतलं, कारण खोटं बोलताना तो कान खाजवतो. तसं ते पूर्ण खोटंही नाही, पण ते पुढे. त्याला बोलू नकोस. शिव्या द्यायच्या त्या मला दे, मी हिशेबात धरल्यात.

दुसरं. पुढच्या सीटखाली पाण्याच्या सीलबंद बाटल्या ठेवल्यात. तहान लागली की त्याच उघडायच्या. तू आणि भिंगरी, दोघींनीही. तिचा तो पांढरा, निळ्या झाकणाचा छोटा कॅन तिने बरोबर घेतलाच असेल. तो तिच्याकडून घे आणि ड्रायव्हरकडे दे. मामाला बघायचाय म्हण. का, ते आत्ता विचारू नकोस. आणि शेवटचं पान आधी काढून वाचू नकोस. लहानपणी वाचनालयातून आणलेल्या प्रत्येक गोष्टीचा शेवट तू जिन्यातच वाचायचीस आणि मग मला सांगून माझीही वाट लावायचीस. आज ते चालणार नाही. रस्ता लांब आहे म्हणून पत्रही लांब लिहिलंय. पुलापर्यंत पुरेल, असं मोजून.

फोन का नाही केला, असं मनात आलं असेल. तू फोन नेहमी स्पीकरवर ठेवतेस, कारण फोन तुझ्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या जावईबापूंच्या, खिशातला. मी 'कशी आहेस' विचारलं की तू 'सगळं बरं आहे' म्हणतेस आणि मागून ते 'मजेत, मजेत' म्हणतात. दोन माणसांनी मिळून बरं असल्याचं सांगितलं की मला शंका येते, हा माझा धंद्यातला रोग आहे. त्यात आमचं दोघांचं जमत नाही हे तुला माहीत आहे. मी 'औषध' एवढा शब्द उच्चारला असता तरी त्यांनी फोन कापला असता आणि तू पुन्हा त्यांच्या-माझ्यामध्ये उभी राहिली असतीस, ओट्यापाशी, पदराने हात पुसत.

तुला आठवतं, मी प्रयोगशाळेत लागलो तेव्हा काय काम करायचो? बाटल्या धुवायचो. जनावरांचं रक्त, मूत्र, पोटातलं अन्न, जे येईल त्याच्या बाटल्या. घरी आलो की तू नाक धरायचीस आणि बाबा म्हणायचे, शिकला असतास तर खुर्चीवर बसला असतास. खुर्चीवर बसलो की नाही शेवटी? मोठं यंत्र आलं तेव्हा त्याच्याबरोबरचं जाडजूड पुस्तक कपाटात पडलं होतं. ते मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं, एकेका पानाला एकेक आठवडा. आज त्या यंत्राची नळी तुंबली, पंप कुरकुरला, दिवा मंद झाला, तर कंपनीचा माणूस येण्याआधी मला बोलावतात. हे मी मिरवतोय, मिरवू दे. पुढे जे लिहायचंय त्यावर तू विश्वास ठेवायला हवास, म्हणून सांगतोय की हे काम करणारा माणूस कोण आहे.

काम काय, तर कोणाची गाय बागेच्या कडेचं गवत खाऊन पडली, कोणाची मेंढरं फवारलेल्या बांधावरून गेली, की त्यांचं रक्त आमच्याकडे येतं. ते आम्ही गरगर फिरवून त्यातलं वरचं पाणी वेगळं काढतो, त्यात एक द्रव घालून दूध फाटावं तसं फाडतो, गाळतो आणि नितळ थेंब यंत्रात सोडतो. तण मारायचं औषध रक्तात असेल तर पडद्यावरच्या सपाट रेषेतून एक सुळका उठतो. जितका उंच, तितकं जास्त. पण तो सुळका औषधाचाच, रक्ताच्या स्वतःच्या कचऱ्याचा नाही, हे ठरवायला शेजारी एक असं रक्त ठेवावं लागतं ज्यात काहीच नाही. त्याला आम्ही कोरं रक्त म्हणतो. सगळी मापं त्याच्यावरून निघतात. आणि आजकाल कोरं रक्त मिळवणं हे सगळ्यात अवघड काम झालंय. बाजारातून आणलेल्या जनावरात काही ना काही निघतंच.

तुझ्या शेळ्या म्हणून तर मी सुचवल्या. आमच्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, स्वतः वर डोंगरात तुमच्याकडे आल्या होत्या. आठवतं ना, चिखलात त्यांची चप्पल तुटली आणि त्या अनवाणी गोठ्यात शिरल्या. वर फवारणी नाही, बाग नाही, झऱ्याचं पाणी. मान पकडून अंगठ्याने शीर दाबायची आणि सुई तिरकी घालायची हे मी तुला दाखवलं. पहिल्याच खेपेला तू माझ्यापेक्षा हलक्या हाताने काढलंस. मला ते आवडलं नव्हतं, पण मी बोललो नाही. तेव्हापासून ड्रायव्हर बर्फाचा डबा घेऊन येतो आणि तू जांभळ्या झाकणाच्या नळ्या भरून देतेस, प्रत्येकीवर शेळीचं नाव लिहून. ठमकी, काजळी, बुटकी, शिंगाडी, म्हातारी. 'आमच्या शेळ्या आता सरकारी नोकर झाल्या, पेन्शन देता का' असं तू बाईंना विचारलंस, त्यावर त्या अजून हसतात. तुझी नळी कधी रेघेच्या वर नाही आणि कधी खाली नाही. शिकलेली पोरंसुद्धा इतकं नेमकं भरत नाहीत, हे मी तुला कधी सांगितलं नसेल. आता सांगतो.

मग तुम्ही सुट्टीत खाली आलात. ती संध्याकाळ मी फार वेळा आठवली या दोन दिवसांत. पहिला अर्धा भाग किती चांगला होता. मी रक्तगट तपासायच्या तीन छोट्या बाटल्या घरी आणल्या होत्या, हुशारी दाखवायला, नाहीतर कशाला. जेवणाच्या टेबलावर पांढरी बशी ठेवून सगळ्यांच्या बोटांना टोचलं. वहिनी ओरडली. जावईबापूंनी तोंड फिरवून बोट पुढे केलं, एवढा आडदांड माणूस. तुझा निघाला ए, त्यांचा बी. भिंगरी मात्र डोळे उघडे ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, मामा, अजून एक टोच, मला दिसलं नाही. तिचा निघाला एबी. जावईबापू तिला उचलून म्हणाले, बघा, मुलगी कोणाची यावर आता भांडण नको, यंत्रानेच वाटणी करून दिली. यंत्र नव्हतं ते, बशी होती, पण मी दुरुस्ती केली नाही. त्या क्षणी मला ते आवडले होते, खरंच.

आणि मग जेवताना त्यांनी सांगितलं, विजेच्या तारांखालची झुडपं मारायचं काम घेतलंय म्हणून. पाठीवर पंप, वर डोंगरभर. मी विचारलं, कोणतं औषध? त्यांनी नाव सांगितलं. मी घास खाली ठेवला. मी म्हटलं, या औषधाशी सलगी करायची नसते, घरात आणू नका, पंप घराजवळ धुऊ नका. ते म्हणाले, तुमच्या यंत्राला काय, सगळीकडे विषच दिसतं. मी म्हटलं, दिसतं कारण असतं. ते म्हणाले, मी हातमोजे घालतो, तीनदा धुतो, मला काय अक्कल नाही? मी जे म्हणालो ते इथे लिहीत नाही, तू तिथेच होतीस. ठकू, तू तेव्हा ताटात मान घालून बसली होतीस. त्यानंतर तू मला वरच्या कुठल्याच गोष्टीबद्दल सरळ सांगितलं नाहीस. आडून सांगितलंस. भिंगरीच्या तोंडात फोड आलेत, तिखट लागतं म्हणते. मग पुढच्या फोनवर, जेवतच नाही हल्ली. मग, चढावर बसते रे मध्येच, दम लागतो म्हणते, नाटकं करते. 'नाटकं करते' हे जावईबापूंचं वाक्य होतं, तुझं नव्हतं. तुझ्या आवाजात ते बसत नव्हतं.

परवा ड्रायव्हर डबा घेऊन आला. मी नळ्या काढून स्टँडमध्ये उभ्या केल्या आणि बर्फाचं पाणी निथळेपर्यंत हात धुवायला गेलो. नेहमीच्या पाच आणि एक सहावी. सहावीवर तू लिहिलं होतंस, 'नवी'. मला वाटलं, एखादी शेळी वाढवलीस. आधी नेहमीच्या पाचजणींचं काम घेतलं. रेष सपाट येणार म्हणून मी पडद्याकडे नीट बघतही नव्हतो, चष्मा पुसत होतो. बाईंनीच मागून विचारलं, हे काय उठलंय?

सुळका होता. तुझ्या ठमकीच्या रक्तात.

मी म्हटलं, नमुन्याची काच खराब असेल. काच बदलली. म्हटलं, पाणी खराब असेल. पाणी बदललं. नुसतं पाणी सोडलं, रेष सपाट. नुसता तो फाडायचा द्रव सोडला, सपाट. नळीत आधीच्या नमुन्याचं काही राहिलं असेल म्हणून ती धुऊन घेतली. पुन्हा ठमकी. पुन्हा सुळका, त्याच जागी, त्याच उंचीचा. मग काजळी, बुटकी, शिंगाडी. सगळ्यांमध्ये. फक्त म्हातारीत जवळजवळ काही नाही. बाई म्हणाल्या, म्हातारीत वेगळं काय आहे? तेव्हा मला तूच सांगितलेलं आठवलं: म्हातारीला हौदाचं पाणी आवडत नाही, ती ओढ्यापर्यंत जाते, नखरेल आहे. बाकीच्या सगळ्या गोठ्याजवळच्या दगडी हौदावर पितात. पंप कुठे धुतात ते मला विचारायची गरज उरली नाही. ओढ्यावर नेऊन धुवायला नको, लोक पितात, एवढा विचार त्यांनी नक्की केला असेल. म्हणून हौदावर.

एवढंच असतं तर मी जीप पाठवली नसती. स्वतः आलो असतो, हौद फोडला असता, जावईबापूंशी आणखी एकदा भांडलो असतो आणि तुझ्या हातचं जेवून परतलो असतो. पण मी स्टँडकडे वळलो तर सहावी नळी उरली होती, आणि ती वेगळी दिसत होती.

हे तुला माहीत असायचं कारण नाही, आणि माहीत असतं तर तू ही युक्ती केलीच नसतीस. शेळीचं रक्त उभं ठेवलं तरी खाली बसत नाही. तासन्‌तास तसंच लालभडक राहतं, वरपासून खालपर्यंत. तुझ्या पाचही नळ्या तशाच होत्या. सहावीत रक्त खाली बसलं होतं आणि वर स्वच्छ पिवळसर पाणी आलं होतं. शिवाय ती अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. तू, जी रेघेच्या वर जात नाहीस आणि खाली राहत नाहीस. मी एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. शेळीच्या तांबड्या पेशी पाळीव जनावरांत सगळ्यात बारीक, राजगिऱ्यासारख्या. इथे त्यांच्या दुपटीहून मोठ्या चकत्या पसरल्या होत्या. असं रक्त मी आयुष्यात सगळ्यात जास्त कोणाचं पाहिलंय सांगू? माझंच. शिकत होतो तेव्हा फुकटात तेवढंच मिळायचं.

मी बाहेर जाऊन तुला फोन लावला. तू स्पीकरवर होतीस. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, नव्या शेळीचं कसं काय, रुळली का? मागून जावईबापू म्हणाले, कुठली नवी? आपण कुठे घेतली नवी? आणि तू म्हणालीस, अहो, दादाला म्हातारीचं पिल्लू म्हणायचंय. तुझा आवाज इतका वर गेला, ठकू. म्हातारी दोन वर्षांत व्यायली नाही हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. मी म्हटलं, हो हो, पिल्लूच, वय झालं माझं, विसरतो. ते हसले, म्हणाले, यंत्र बिघडलं वाटतं. मीही हसलो. तू नाही हसलीस. मग मागून भिंगरी काहीतरी बोलली आणि खोकली. तो खोकला मी अजून ऐकतोय. पोरीच्या अंगाचा नाही तो.

तेवढ्या अर्ध्या मिनिटात मला कळलं की ही गोष्ट घरात फक्त तुलाच माहीत आहे. तू त्यांना विचारू शकत नव्हतीस आणि मला विचारलं असतंस तर मी 'मी सांगितलं होतं' म्हणालो असतो. म्हणून तू कोणालाच न विचारता थेट यंत्राला विचारलंस. शेळ्यांच्या रांगेत एक नळी सरकवून. काही निघालं नाही तर कोणाला कळणारही नाही, आणि निघालं तर दादा विचारेल, ही नवी शेळी कुठे चरते. बरोबर ना? तुझ्या जागी मी असतो तर मलाही याहून शहाणं काही सुचलं नसतं.

आता त्यातला माझा भाग. माणसाचं रक्त मोजायचं तर शेजारी माणसाचं कोरं रक्त हवं. शेळीचं चालत नाही, आणि शेळीचं कोरं उरलंही नव्हतं. मी बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या नियम काढतील, इथे माणसाचं तपासत नाहीत म्हणतील. त्यांनी माझी बाही वर केली. तुमचंच घ्या, म्हणाल्या, आहात ना समोर. आणि सुई त्यांनी स्वतः घातली. माझं रक्त आणि ते रक्त, एकाच हाताने, एकाच द्रवात, एकापाठोपाठ एक. पडद्यावर माझी रेष आली, सपाट, कोरी, माळासारखी. त्याच्या पुढे दुसरी उठायला लागली. मी ती थांबायची वाट बघत होतो. ठमकीचा सुळका जिथे संपला होता तिथे ती थांबली नाही.

बाईंनी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं आणि मला बाहेर बसवलं. तिन्ही वेळा तेच. मग आम्ही शेजारच्या रक्तपेढीतून त्या तीन बाटल्या आणल्या, बशीवाल्या. खरं सांगतो, थेंब टाकताना मी मनात ए म्हणत होतो. तू माझी लाडकी आहेस, तरी म्हणत होतो. मग बी म्हटलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही. ए आणि बी, दोन्ही थेंबांत गुठळी धरली. तुमच्या घरात असं रक्त एकाच माणसाचं आहे, ठकू. तिने हात पुढे केला असेल आणि डोळे उघडे ठेवून बघितलं असेल. अर्धी नळी भरेपर्यंत तूच थांबली असशील. ती थांब म्हणाली नसेल.

मग माझ्या डोक्यात एकच राहिलं. तुम्ही घरात झऱ्याचं पाणी पिता, नळीने आलेलं. हौदाला तोंड शेळ्या लावतात. मग शेळ्यांपेक्षा जास्त तिच्यात कुठून? हे मी कुरकुरत होतो, तेव्हा ड्रायव्हर चहा पीत बाजूला उभा होता. तो म्हणाला, साहेब, तुमचे जावईबापू म्हणजे भारी डोकं हां. पोरीसाठी काय झकास पाण्याचा कॅन केलाय. निळं झाकण, खाली भोक पाडून बारका नळ बसवलाय, वर धरायला दोरी. पोरगी गळ्यात घालून शेळ्यांमागे फिरते, मलाही त्यातलं पाजलं, म्हणाली, माझ्या बाबांनी केलाय, कोणाकडे असा नाही. मी विचारलं, कॅनवर काही चिकटवलेलं होतं? म्हणाला, कागद खरवडून काढलेला, थोडा पिवळा राहिलाय, त्यावर तिने फूल चितारलंय. ड्रायव्हरचंही रक्त लगेच घेतलं. एकदाच घोटभर प्यायला होता, त्याची रेष सपाट आली. तरी आज गाडी चालवतोय तो निम्मा घाबरूनच.

पांढरा कॅन, निळं झाकण, पिवळा कागद. तो कशाचा, ते मी तुला सांगायला नको. असे कॅन मी रोज पुरावा म्हणून पिशवीत बांधतो. त्यांनी तो तीनदा धुतला असेल, मला शंका नाही, कदाचित पाचदा. धुऊन वास गेला म्हणजे गेलं असं कोणालाही वाटेल. ते प्लॅस्टिकमध्ये मुरतं आणि उन्हात तापलं की थोडं थोडं पाण्यात उतरत राहतं, हे मला माहीत आहे कारण मी जन्मभर बाटल्या धुतल्यात. आणि वापरून संपलं की फवारणारा माणूस आतमध्ये थोडंसं राहिलंय म्हणून कॅन उलटा करून झटकतो, तरी तळाशी राहतंच, तेही मी पाहिलंय. त्यांच्यावर राग धरू नकोस. मीही धरत नाही, म्हणजे प्रयत्न करतोय. पोरीवर जीव आहे म्हणून इतक्या हौसेने केला. उद्या बाई दुसरी गाडी घेऊन वर जातील, त्यांचं रक्त घेतील, हौद रिकामा करतील. त्यांना काय सांगायचं ते मी सांगेन, समोर बसून, हळू. यंत्राबद्दल एक शब्दही काढणार नाही.

आता बाहेर बघ. पूल आला असेल. पुलानंतर ड्रायव्हर आमच्या घराकडे वळणार नाही, उजवीकडे घेईल. त्याला अडवू नकोस. मुलांच्या वॉर्डात एक खाट तयार आहे, डॉक्टरांना बाईंनी स्वतः सगळे आकडे वाचून दाखवलेत. ते म्हणाले, लवकर कळलं हे चांगलं. मी विचारलं, लवकर म्हणजे किती लवकर? त्यांनी खाटेचा नंबर लिहून माझ्या हातात दिला. रक्तात दिसतं ते आत्ताचं, छातीत आणि मूत्रपिंडात आधीच काय जाऊन बसलंय ते माझं यंत्र सांगू शकत नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून तुला आणायला मी खोटं बोललो, आणि म्हणून हे पत्र. तू नळीतून विचारलंस, त्याचं उत्तर तुला रस्त्यातच मिळायला हवं होतं, म्हणजे दारात पोचशील तेव्हा तुला माझ्याकडे बघून अंदाज बांधावा लागणार नाही. तो कॅन अजून तिच्याच मांडीवर असेल, मला माहीत आहेस तू. रडेल म्हणून घेतला नसशील. आता घे. रडली तर रडू दे. आणि ड्रायव्हर खोटं बोलला नाही, बरं का. मी हॉस्पिटलमध्येच आहे. फाटकाशी, पायरीवर, बाही वर केलेली तशीच आहे.

तुझाच, अजून तुझ्यापुढे उभा राहायचं धैर्य गोळा करणारा,
दादा